शनिवारचा कोट

माझ्याकडे दोन पांढरे कोट आहेत, एक कामाचा आणि एक आईचा. कामाचा मरोळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये खुंटीवर असतो. दिवसभर लोकांचं रक्त-लघवी तपासणाऱ्या बाईचा कोट तो. लॅबच्या दाराबाहेर न्यायचा नाही असा नियम आहे आणि नव्या मुलींना तो मीच दरडावून सांगते. आईचा कोट मात्र दर शनिवारी माझ्या पिशवीतून दहिसरला जातो.

त्याचं असं झालं. नोकरी लागली तेव्हा आईने जाहीर केलं की कोट तीच धुणार. मी जंतूंवर व्याख्यान दिलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मगे शनिवारी कोट घेवन येशीत ना?"

शेवटी मी दुसरा कोट घेतला. तो अंगात कधी घातलाच नाही. पण धुवायला काहीतरी लागतं, म्हणून शुक्रवारी त्याच्या बाहीवर थोडा चहा सांडायचा, चुरगळायचा आणि पिशवीत कोंबायचा. लग्न होऊन घाटकोपरला आले तरी हा उद्योग सुटला नाही. आई तो भिजवते, नीळ घालते, स्टार्च करते आणि चाळीच्या गॅलरीत अगदी रस्त्याच्या बाजूला वाळत घालते. बाकीचे कपडे मागच्या दोरीवर. अर्धी चाळ मला डॉक्टरीणबाई म्हणते. मी टेक्निशियन आहे, हे सांगायचं आई इतकी वर्षं विसरतेय.

तसा हा कोट मुळात आम्हा लॅबवाल्यांचाच. विलायतेत डॉक्टर पूर्वी काळा कोट घालायचे. पेशंटच्या घरून परस्पर मयतीला जायची सोय असावी. मग प्रयोगशाळेतल्या माणसांवर लोकांचा भरवसा बसतोय असं दिसलं, तसा डॉक्टरांनी त्यांचा कोट उचलला आणि पांढराशुभ्र करून घेतला. हे मी आमच्या लॅबच्या डॉक्टरांना अधूनमधून ऐकवते. ते मान डोलावतात आणि रिपोर्टवर सही करतात.

बाबांना मात्र या कोटाचा धसका. गिरणीत उभी हयात काढलेला माणूस, पण पांढरा कोट दिसला की घाम फुटतो. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. रोज सकाळी गॅलरीत बसून सगळ्यांना मोठ्याने पेपर वाचून दाखवणारे बाबा आता आईकडून पेपर ऐकू लागले, आणि आई अवघड शब्द बिनदिक्कत गाळत होती. जिना उतरणं बंद झालं. बोरिवलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून आम्ही दोनदा ऑपरेशन न होताच परत आलो. घरी एकशे तीस असलेलं प्रेशर तिथे एकशे नव्वद. डॉक्टरीण बिचारी समजूतदार होती. म्हणाली, काहींचं नुसता कोट बघून वाढतं, पुन्हा या. बाबा घरी येऊन म्हणाले, "माका नको ता ऑपरेशन. मी असोच बरो आसंय."

हा माणूस आता असाच अंधारात बसून राहणार, या विचाराने मला रडू आलं. आईला आलं नाही. तिने दोरीवरचा माझा कोट काढला, साडीवर चढवला, बटणं लागेनात म्हणून तशीच सोडली आणि प्रेशरचं मशीन घेऊन बाबांसमोर उभी राहिली.

"हात पुढे करा."

प्रेशर एकशे साठ निघालं. बायकोसमोर. मी हसले, आईने मला डोळे वटारून गप्प केलं.

त्या आठवड्यात कोट मला परत मिळाला नाही. रोज सकाळी चहाआधी हा दवाखाना भरे आणि आई फोनवर मला आकडा सांगे. एकशे साठ, एकशे छप्पन्न, मग हळूहळू एकशे तीसवर. मी म्हटलं, सवयीचा परिणाम. आई म्हणाली, स्टार्चचा.

तिसऱ्या खेपेला बोरिवलीची डॉक्टरीण कोटात आली. बाबांनी त्या पांढऱ्या आकाराकडे बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. काय झालं म्हणून तिने विचारलं.

"काय नाय. तुमका कोट बरोबर बसता."

प्रेशर एकशे अडतीस. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

कोट परत माझ्या पिशवीत आला. शुक्रवारी मी नेहमीसारखा बाहीवर चहा सांडला आणि शनिवारी दहिसरला गेले. बाबा काळा चष्मा लावून गॅलरीत बसले होते. मी पिशवीतून कोट काढताच त्यांनी तो हातात घेतला, चष्मा वर केला आणि नव्या डोळ्याने बाही न्याहाळली.

"चाय."

मग कॉलर उलटवली. आत-बाहेर नीट बघितली. "इतक्या वर्सात कॉलर कशी मळाक नाय?"

चोरी पकडल्यासारखी मी आईकडे बघत राहिले. तिने बाबांच्या हातातून कोट काढून घेतला.

"गप रवा. माका पयल्या वर्सापासून म्हायत आसा."

कोट बादलीत बुडवला, बाहीवर साबण घासला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चाय जरा जास्त सांडत जा गो. धुवक कायतरी होया."