सगळेच मोर्चात गेले तर सही कोण करणार?

दोस्तांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

आमच्या तलाव संघटनेची नोंदणी करायची म्हणून आज गोंडपिपरीत बैठक होती. ट्रस्ट करायचा की सहकारी संस्था, यावर तासभर भांडलो. मग म्हाताऱ्या सीताबाई बोलल्या.

"मी लहान होती, पन्नास-पंचावन साल असंन. माह्या बापानं गावच्या मासे धरनाऱ्या ढीवरायची संस्था काढली. तलाव संस्थेकडं ठेक्यानं होता. मंग सत्याग्रह झाला अन् संस्थेचे सातही पंच संगच जेलात गेले. मांगं राहाची सगळ्यायलेच लाज वाटे. ठेक्याची मुदत सरली, नव्या ठेक्यावर सही कराले बाहेर कोणीच नाई. तलाव दुसऱ्याले गेला."

नोंदणीसाठी बोलावलेले वकील म्हणाले, "मग दोन संस्था करा. एकीकडे फक्त तलाव, दुसरीकडे मोर्चे. तलाववाल्या पंचांनी मोर्चात यायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, मग मागं कोण राहणार?

एकही हात वर झाला नाही. सीताबाईंचाही नाही, माझाही नाही.

नोंदणीचा फॉर्म कोराच घेऊन घरी आलोय. तुमच्या संघटनेत मागं कोण राहतं? आणि त्याला भेकड म्हणत नाही ना कोणी?