बुजवलेल्या सांधी

वाशीममध्ये मी अजून परकाच. गाव सांगोल्याकडं. शाळा आठवीत सुटली. ठेकेदारानं इकडं आणलं म्हणून हाताला काम आहे, हे मी विसरत नाही. ज्या घराचं काम चाललं होतं, तिथल्या आजी रोज दुपारी मला भाकरी आणि तुरीचं वरण द्यायच्या. त्यांची आठवण आली की आजही मान खाली जाते.

त्यांच्या गच्चीवर एक खोली चढवायची होती. जुन्या भिंतींवर भार नको म्हणून खांबांवर लोखंडी गर्डर टाकले आणि त्यांवर दुहेरी भिंत घेतली: बाहेर विटांचा एक पदर, आत एक, मध्ये चार बोटं पोकळी. गर्डरवर डांबरी पट्टा अंथरायचा आणि बाहेरच्या पहिल्या थरात थोड्या थोड्या अंतरावर दोन विटांमधली उभी सांध सिमेंटच्या मालाशिवाय मोकळी सोडायची, असं ठेकेदारानं सांगितलं. मी सोडली. का, ते विचारलं नाही. एवढंही येत नाही म्हणून परत पाठवलं तर?

आजी गच्चीवर मुगवड्या घालायला यायच्या. एकदा वाकून म्हणाल्या, "काहून रे बापू, हे भोकं काहून सोडले?"

"तसंच असतंय आज्जी."

"तसंच म्हंजे कसं? इच्चू शिरन ना घरात!"

मी हसलो आणि ओळंबा धरून उभा राहिलो.

पावसाळ्यात खोलीच्या आतल्या बाजूला, खाली गुडघाभर ओल चढली. ठेकेदार आला. बाहेरून भिंत बघून सगळ्यांसमोर ओरडला, "सांधी कायले बुजवल्या तू? बाहेरची वीट पाणी पिते. ते पोकळीतून पट्ट्यावर उतरते. मंग तिथून जाईन कुठं? आतच येईन ना! गर्डरबी सडन. उद्या गाडी पकड अन् जाय गावाले."

मलाही कारण तेव्हाच कळलं.

मी खाली वाकलो. प्रत्येक सांध सिमेंटनं भरलेली, आणि त्यावर बारीक बोटांचे फराटे, चूल सारवल्यासारखे. कुणाची बोटं, ते ओळखलं. तोंड उघडलं असतं तर जिचं खाल्लं तिचंच नाव घ्यावं लागलं असतं. पण गप्प राहिलो तो काही मोठेपणानं नाही. त्यांनी मला विचारलं होतं, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.

जिन्यातून आजीच पुढं आल्या. "त्याले कायले बोलून राह्यले? म्या बुजवले ते. मले वाटलं पोरगं भुललं. तुमी खेकसान त्याच्यावर, म्हून उरलेल्या मालानं गुपचूप लिपून टाकले."

ठेकेदार हसायला लागला. "आजी, तुमालेच मिस्त्री ठेवतो आता. याच्यापेक्षा सफाई चांगली हाये तुमची!"

सगळे हसले. माझं काम वाचलं होतं, पण मला हसू येईना.

छिन्नी घेऊन बसलो. पहिली सांध मोकळी होताच गंजानं लालसर झालेलं पाणी बाहेर आलं. आजी शेजारी उकिडव्या बसल्या. "आता तरी सांग बापू, काहून सोडतेत?"

मी सांगितलं. वीट पाणी पिते, पोकळीतून पट्ट्यावर उतरतं, इथून बाहेर पडतं. घटकाभरापूर्वी ऐकलेलं, पण जन्मभर ठाऊक असल्यासारखं.

"पाह्य बरं," त्या म्हणाल्या, "केवढं हुशार हाये लेकरू."

मी मान वर केली नाही. पुढची सांध टोकरायला घेतली.