बर्फाचं मशीन आणि रियाचं मीठ

आधी रियाचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. युट्रेख्टजवळच्या आमच्या गल्लीत आमचं घर कोपऱ्यावर, आणि भिंतीला भिंत लागून तिचं. ती नसती तर त्या दिवशी मी दाराबाहेर पाऊल टाकलं नसतं आणि पुढचं काय झालं असतं ते मी मनातसुद्धा बोलत नाही. फोनवर पहिल्यांदा तिचं नाव सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "रिया? कुणाची ग? पुण्याची का? कोवळ्या पोरीला कशाला कामं सांगतेस?" ही कोवळी पोर सत्तरीला टेकलेली, आमच्या ह्यांच्यापेक्षा वीतभर उंच, पांढऱ्या केसांची डच बाई आहे हे आईला पटवायला दोन फोन खर्ची पडले.

तासगावच्या माझ्या मैत्रिणींनो, आणि इकडे येऊन पडलेल्या माझ्यासारख्या बायांनो, तुमच्यासाठी लिहिते आहे. नववीत शाळा सुटली, तेव्हा शुद्धलेखनाकडे बघू नका.

निघाले तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. जीप दारात उभी. वडील खुर्चीत, उजवा हात मांडीवर निपचित. त्यांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हाच त्यांचं शिलाईचं मशीन आईनं चालवायला घेतलं आणि काज-बटणं करायला मी शाळा सोडली. लग्न ठरलं ते आत्याच्या मुलाशी, इंजिनिअर झालेल्या. लहानपणी दिलेला शब्द आत्यानं पाळला. तर आईनं निघताना माझी दृष्ट काढली. ओवाळता ओवाळता मुठीतलं मीठ उंबऱ्यावर सांडलं. सगळे "चला, उशीर होतोय" म्हणत असताना ती खाली बसून एक एक खडा वेचत राहिली. "सांडलेलं मीठ देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं, ठाऊक आहे ना," एवढंच म्हणाली. रडायचं नव्हतं म्हणून ती वेचत होती, हे मला विमानात बसल्यावर कळलं.

इथं आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मला दिवस गेले आणि दुसऱ्या महिन्यात मी घरासमोर बर्फावरून घसरून पडले. दारासमोरच्या फरशीला इकडे स्टूप म्हणतात, आणि आपापली स्टूप आपण साफ करायची असा इथला रिवाज. आम्हाला तो माहीत नव्हता. त्या आठवड्यातच बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, पडण्याशी याचा काही संबंध नाही, असं होतं, पुन्हा होईल बाळ. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आमच्या ह्यांनी ठेवला नाही. तोंडानं काही बोलले नाहीत, पण मार्चमध्ये मला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं आणि सुट्टीच्या पहिल्या सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "ह्या वेळी आपण स्नोब्लोअर घेऊ."

तिथून जो वैताग सुरू झाला तो काय सांगू.

स्नोब्लोअर म्हणजे बर्फ पुढून गिळायचा आणि वरच्या नळकांड्यातून लांब फेकायचा, असं मशीन. ज्या देशात वर्षातून चार वेळा बर्फ पडतो आणि पाचव्या दिवशी त्याचं डबकं होतं, तिथं हे कोण घेतं? कोणीच नाही. एका मोठ्या दुकानात ह्यांनी विचारलं तर विक्रेता म्हणाला, "मेनेर, नॉर्वेला राहायला चाललात का?" मेनेर म्हणजे साहेब. त्यानं एक रुंद प्लॅस्टिकचं फावडं पुढं केलं. हे रागावून बाहेर आले. मी मागून म्हटलं, "अहो, फावडं चांगलं होतं." तर म्हणाले, "फावड्यानं वेळेत होत नाही."

मग उन्हाळाभर आमच्या घरात बर्फ पडत होता. बाहेर लोक अर्ध्या चड्ड्या घालून सायकली हाणतायत आणि आत जेवणाच्या टेबलावर चर्चा, की पेट्रोलचं बरं का विजेचं. पेट्रोलचं ताकदवान, पण थंडीत दोरी ओढत बसायचं. विजेचं हलकं, पण वायर किती लांब लागेल? पाती लोखंडाची घेतली तर फरशी खरवडेल, रबराची घेतली तर झिजेल. मी आमटी वाढत असायची. पाचव्या महिन्यात थोडं अंगावर गेलं आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी, हेही गेलं. वडिलांना सोडून आई येऊ शकत नव्हती. मी रात्र रात्र भिऊन जागी, आणि हे मला सांगतायत, "नळकांडं दोन्ही बाजूंना फिरणारं बघू या."

गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो तर तिथंही तेच. सगळे पुण्या-मुंबईचे, सगळे कॉम्प्युटरवाले, बर्फ उचललेला एकानं नाही, पण मत प्रत्येकाचं.

"पेट्रोलच घे, टॉर्क मिळतो."

"अरे, पण सर्व्हिस सेंटर कुठंय जवळपास?"

"मला विचारशील तर एक वर्ष थांब, किमती उतरतात."

"थांब काय थांब, वहिनींकडे बघ की जरा," हार्लेमहून आलेल्या एका काकूंनी त्यांना गप्प केलं आणि माझ्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला. त्या डब्यावर मी पुढं महिनाभर जगले.

शेवटी ऑक्टोबरात ते जर्मनीहून आलं. विजेचं, नारिंगी, आमच्या फ्रीजएवढं खोकं. मी आईला फोनवर म्हटलं, "ह्यांनी मशीन घेतलं." ती एकदम खुलली. "बरं झालं बाई. आता फॉल-पिको घरबसल्या करशील." माझ्या माहेरी मशीन म्हणजे एकच, शिलाईचं. मी तिला समजावलं नाही. फोन ठेवला आणि खूप रडले. मला आई हवी होती आणि घरात मशीन आलं होतं.

हे जमिनीवर बसून त्याचे नटबोल्ट आवळत होते. मला रडताना पाहिलं असावं, पण मान वर न करता म्हणाले, "मागच्या वेळी ऑफिसातून येऊन मी फरशी साफ करणार होतो ग. मला वाटलं, संध्याकाळी करू." त्या सबंध वर्षात ह्या विषयावर ते एवढंच बोलले. मी त्यांच्याजवळ पाना घेऊन बसले. त्या दिवसापासून मशीनला नावं ठेवली ती फक्त मनात.

इकडे बाळंतपण घरी करतात. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "विमानानं जातात त्या देशात सुईण? आपल्याकडं तासगावातसुद्धा बाया दवाखान्यात जातात." पण खरंच, सुईणबाईंनी येऊन पलंग तपासला, त्यांना वाकावं लागू नये म्हणून पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावायला सांगितले. मी त्या उंच पलंगावर चढून झोपायची आणि मला वाटायचं, मखरात बसवलीय.

नोव्हेंबरच्या शेवटी एका शुक्रवारी सकाळपासून बर्फ सुरू झाला. भुरभुरता नव्हे. ओला, जड, चिखलासारखा. दुपारी माझ्या कळा सुरू झाल्या. ह्यांनी आधी सुईणीला फोन केला आणि मग कोटाची बटणं उलटसुलट लावून मशीन बाहेर काढलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली. मी खिडकीला धरून उभी. मशीननं दोन हात बर्फ गिळला, नळकांड्यातून तो दणक्यात उडाला आणि रियानं नुकत्याच झाडलेल्या दारात जाऊन पडला. मग ओल्या बर्फानं नळकांडं तुंबलं. ह्यांनी काठीनं ते मोकळं केलं, पुन्हा बटण दाबलं, आणि आमच्या सबंध घराची वीज गेली.

अंधार. हीटर बंद. लोडशेडिंगचा देश सोडून मी इतक्या लांब आले होते, आणि ऐन कळांत माझ्या घरची वीज माझ्याच नवऱ्यानं घालवली होती. हे फ्यूजच्या डब्याकडे धावले, तिथून मशीनकडे, तिथून माझ्याकडे. मी म्हटलं, "अहो, एका जागी उभे राहा." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा दटावलं.

तेवढ्यात रिया आली. दारातला बर्फ बघून रागावली असेल असं वाटलं. तिनं मशीनकडे एकदा पाहिलं, ह्यांच्याकडे एकदा पाहिलं. घरातून तेच ते रुंद प्लॅस्टिकचं फावडं आणलं आणि आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत बर्फ लोटायला लागली. सत्तरीची बाई. हे फावडं मागायला गेले तर तिनं त्यांना मशीनची वायर गुंडाळायला लावली.

सुईणबाई आल्या, टॉर्चच्या उजेडात तपासलं, बाळाचे ठोके ऐकले आणि त्यांचा चेहरा बदलला. घरी नको म्हणाल्या. ठोके मंद होतायत, दवाखान्यात जायचं, लगेच, त्यांच्याच गाडीतून. गाडी रस्त्यावर. मधे तीच फरशी, जिथं मी पडले होते. बर्फ लोटला तरी खाली गोठलेल्या पाण्याची पातळ काच धरलेली.

बर्फ वितळावा म्हणून इकडे रस्त्यावर मीठ टाकतात, रियाकडचं ते तेवढ्यात संपलं. दुकानांतलंही सकाळीच संपलेलं. ती तिच्या स्वयंपाकघरात गेली, मिठाचा डबा आणून रिकामा केला. मग माझ्या स्वयंपाकघरात शिरली. आपल्याकडच्या बाईच्या घरात मीठ किती असतं ते तिला कुठून ठाऊक, पण तिनं फळीवरचे सगळे पुडे उचलले, दातांनी फाडले, आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं मूठ मूठ मीठ माझ्या दारापासून गाडीपर्यंत पसरलं.

मी उंबऱ्यावर आले आणि थांबले.

तुम्ही हसाल. कळा चालू, बाळाचे ठोके मंद, आणि माझा पाय उचलेना. पडण्याची भीती होतीच. पण दुसरंही होतं. समोर सगळं मीठ. त्यावर पाय ठेवायचा? खाली बसून वेचणारी आई मला दिसत होती. ह्यांना ते कळलं असावं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रियाला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, पोर घसरायला भिते आहे. तिनं आपला दंड माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "कोम मार, मेशे." म्हणजे, ये ग पोरी.

तो सूर ओळखीचा होता. मी पाय ठेवला. मीठ पायाखाली करकर वाजलं, पाय घसरला नाही. मी तिच्या दंडाला धरून चालत गेले, मागून हे माझी पिशवी आणि कशासाठी कोण जाणे ती वायरही घेऊन.

सई दवाखान्यात झाली, ठणठणीत. नाव रियाच ठेवणार होतो, पण अंगणातून हाक मारली की दोघी वळल्या असत्या.

आता सई दोन वर्षांची आहे. मशीन मागच्या खोपटात आहे. हे दर ऑक्टोबरात त्याला तेल देतात. रियाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून यंदा तिची स्टूप मी साफ करते, तिच्याच फावड्यानं. ती खिडकीतून बोट दाखवून कोपरा राहिला म्हणते. पूर्वी मला घर म्हटलं की तासगावचा उंबरा दिसायचा. अजून दिसतो. पण आता त्याच्यापुढं हीही चार हातांची फरशी दिसते, आमच्या दारापासून रस्त्यापर्यंतची.

बाळंतिणीचा महिना झाल्यावर मी आईला मिठाचं सांगितलं. तोवर छातीवर धोंड होती. फोनमधून तिच्या शिलाईच्या मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. मग म्हणाली, "बाळंतिणीला माफ असतं." असं काही नसतं, हे मला ठाऊक आहे. तिनं ते त्याच क्षणी ठरवलं.

"आणि रियाला ग? तिनंच तर सांडलं सगळं."

"तिचं तू बघ," आई म्हणाली.

बघेन. फावडं मारून हे फिटायचं नाही, एवढं मला कळतं. पण देवाघरी कधी हिशेब निघालाच, आणि रियाला तिथं कुणी खाली बसायला सांगितलं, तर तिच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. तिनं बाजूला खुर्चीत बसावं, बोटानं कोपरा दाखवावा. माझ्या दारापासून गाडीपर्यंतचं ते सगळं मीठ, खडा न् खडा, तिच्या वाट्याचं मी माझ्या पापण्यांनी वेचीन.