अठरा जणांच्या पोटांची हजेरी

बाळांनो, महिनाभर शौचातून रक्त जात असूनही तुमच्यापैकी एकीने लाजेने ते घरच्यांपासून लपवून ठेवलं, हे परवा फोनवर कळलं. म्हणून तुमच्या आत्याच्या, माझ्या लेकीच्या, आजाराबद्दल आजच लिहिते आहे.

आठ वर्षांपूर्वी नेरजवळच्या आपल्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत होती. आम्ही अठरा जण होतो आणि पाणी विहिरीचं, न उकळलेलं. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना जुलाब लागले. आठवड्याभरात सगळे बरे झाले, आत्या मात्र नाही. तिला रक्त पडू लागलं. गावातले डॉक्टर आव समजून दोन महिने जंतूंवरची औषधं बदलत राहिले.

मी शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. हजेरीपटासारखी वही आखली. आत्याचं रोजचं लिहायचे: किती वेळा, रक्त किती, ताप, औषध. मग पंगतीतल्या इतरांकडेही गेले. शेजारचे काका ओट्यावरूनच ओरडले, "मास्तरीणबाई पोटाची हजेरी घेऊन राह्यल्या! मी हजर आहो, लिवा."

तुमची पणजी, म्हणजे माझी सासू, वैतागली. "काहून वो सुनबाई, हागण्याची काय वही रायते? पोरीचं लगन जुळाचं हाये."

"लग्नाआधी पोरगी जगली पाहिजे ना, सासूबाई," मी म्हणाले. तिने तोंड फिरवलं, पण दुसऱ्या दिवशी स्वतःचं पोट कधी थांबलं ते सांगून गेली.

शेवटी तिला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ती वही शेवटपर्यंत वाचली. दुर्बिणीने तपासल्यावर मोठ्या आतड्यात जखमा दिसल्या. ते म्हणाले, "हा आतड्याच्या दाहाचा जुनाट आजार आहे. पंगतीतल्या जंतूंनी तो जागा केला असेल. नक्की सांगता येणार नाही. पण नुसती आव असती, तर बाकीच्यांसारखी तीही बरी झाली असती. तुमच्या वहीमुळे हे चटकन दिसलं."

आपण देवाला नैवेद्य दाखवण्याआधी रोडगा खाल्ला, म्हणून हे झालं, असं तोवर आत्या मनात धरून बसली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा नीट जेवली.

पुढे बरं वाटताच तिने नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद केल्या. आजार असा उलटला की आतडं काढण्याची गोष्ट निघाली. ती घाबरली, पण रडत बसली नाही. वही माझ्या हातून घेऊन स्वतः लिहू लागली आणि गोळी एकदाही चुकवली नाही.

तेव्हा माझ्या नातीने लाजायचं कारण नाही. उद्याच डॉक्टरांकडे जा आणि सगळं स्पष्ट सांग. तुला तोच आजार असेल असं मी म्हणत नाही, पण तपासून घ्यायला हवंच.

आत्या आज वणीच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिचं आतडं पूर्ण शाबूत आहे.