घाटाची शेवटची पायरी

आमची आई सिनेमात आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि तितक्याच नेमाने हसत आलो. ती दहा वर्षांची असताना तिच्या माहेरी, वाईजवळच्या घाटावर शूटिंग झालं होतं. तिला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवून सांगितलं होतं, पाण्यात हात घाल आणि कॅमेऱ्याकडे बघू नकोस.

मागच्या वर्षी तो सिनेमा इंटरनेटवर सापडला. साताऱ्यातल्या घरी मी थाटात खेळ लावला. खिडक्यांचे पडदे ओढले, शेंगा भाजल्या, आईला मधल्या खुर्चीत बसवलं. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येत होत्या. एवढा मोठा टीव्ही घेऊन पट्ट्या कोण बघणार? रिमोटने चित्र मोठं करून टाकलं.

सिनेमा कलात्मक. म्हणजे होडी या काठावरून निघते आणि त्या काठाला लागेपर्यंत आपला चहा करून होतो. घाट आला. बायका आल्या, घागरी आल्या. आई काही आली नाही.

"माघारी घे," आई म्हणाली. तीनदा घेतलं.

"आत्या, तुम्ही पाण्याखाली होता का?" बायकोने आईला विचारलं. माझ्या हातातल्या शेंगा सांडल्या, इतका मी हसलो.

"मी हुते," एवढंच म्हणून आई आत गेली. त्यानंतर तिने सिनेमाचा विषय काढला नाही. तिची आयुष्यातली एकुलती एक बढाई मी हसून घालवली होती, आणि ते मला सोसवेना.

म्हणून सांगलीत एका फिल्म क्लबने तोच सिनेमा थिएटरात लावल्याचं कळलं, तेव्हा आईला घेऊन एसटीत बसलो.

थिएटरातले दिवे विझले आणि नदी आली. पाणी इतकं जवळ आलं की मी पाय खुर्चीखाली घेतले. धुकं, वल्ह्याचा आवाज, पुन्हा धुकं. होडी तितकीच सावकाश निघाली, पण चहाची आठवण कुणाला? मी जागा होतो की नाही, कोण जाणे. पलीकडे मात्र मीही पोचलो.

घाट आला. घरच्यापेक्षा खाली दोन पायऱ्या जास्त होत्या. शेवटच्या पायरीवर दोन वेण्यांची एक मुलगी, एक हात पाण्यात, आणि नजर थेट आमच्याकडे.

रिमोटने मोठं करताना चित्राची खालची कड मीच उडवली होती.

"तुला बघू नको म्हणाले होते ना?" मी कुजबुजलो.

"व्हय," आई म्हणाली. "पन कोन बघतंय, ते मला बघायचं हुतं."

परतीच्या एसटीत मी रिमोटचा गुन्हा कबूल केला. "मग सरळ कर की ते," आई म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

घरी आल्यावर केलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, मध्ये घाट आणि अगदी खाली शेंगदाण्याएवढी आई. बायकोने खुर्ची उचलून टीव्हीपाशी नेली.

"अहो," ती म्हणाली, "माघारी घ्या."