बॉयलरवर वाळलेले लंगोट

चहाचा कप हातात असेल तर आधी खाली ठेवा. हा किस्सा ज्याला ज्याला सांगितला त्याने शर्टावर चहा सांडून घेतलाय आणि वर माझ्याच नावाने शंख केलाय.

तर दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कोळंबीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. माझी बायको सुनंदा चिपळूणला माहेरी बाळंत झाली आणि ऐन आषाढात रत्नागिरीला परत आली ती दोन मुली घेऊन. आम्ही पाळणा एक आणला होता. आल्या दोघी.

आमच्याकडे थंडी अशी नसतेच. आमचा गारठा पावसातला. मीठ ओलं, काडेपेटी ओली, पेपर ओला. आज धुतलेला शर्ट परवापर्यंत दमट आणि त्यानंतर त्याला असा वास की पुन्हा धुवावा. अशा हवेत दोन तान्ह्या पोरी. लंगोट किती लागतात, कल्पना आहे? मलाही नव्हती. फ्लॅटभर दोऱ्या बांधल्या. हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं तर वाकून, आणि मध्येच कपाळाला काहीतरी गार लागायचं. ते काय आहे हे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं.

आई म्हणायची, "गावाला न्हाणीत चूल होती रे. वर दांडी बांधली की कपडा कसा पापडासारखा कडक. तुझ्या ह्या फ्लॅटात वाळवू कशावर, तुझ्या डोक्यावर?"

मग सगळे पंखे दिवसभर चालू. सुनंदा ओल्या लंगोटांवर इस्त्री फिरवायची. तेवढ्याने भागेना म्हणून मेव्हण्याने कुवेतहून आणलेला हीटर माळ्यावरून खाली काढला. काय सांगू, घर कसं उबदार झालं. दोरीखाली हीटर, बाजूला आई पोरींना शेक देत बसलेली. मी स्वतः मेव्हण्याला फोन करून त्याचे आभार मानले.

आणि मग लाईट बिल आलं.

मी आधी पाकिटावरचं नाव बघितलं. माझंच. पत्ता बघितला. माझाच. मग भिंतीला टेकून खाली बसलो. सुनंदा धावत आली. तिला वाटलं, गावाकडून कुणी गेल्याचा निरोप आला. तिने बिल हातात घेतलं आणि तीही माझ्या शेजारी बसली. आई दोघांकडे बघून म्हणाली, "कोण गेलं?"

हीटर त्याच क्षणी माळ्यावर गेला. पण लंगोट तर होतेच. आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात मला ती कल्पना सुचली. आजही आठवली की मी स्वतःच्या कपाळावर हात मारतो.

आमच्याकडे कोळंबी उकडायला वाफ लागायची. त्यासाठी मागच्या अंगाला वेगळ्या शेडमध्ये बॉयलर होता. तिथे आत गेलं की भर पावसात घाम फुटायचा. ही एवढी ऊब फुकट चाललीय आणि मी बिल भरतोय? बॉयलरवरच्या शांतारामकाकांना विचारलं. ते म्हणाले, "वाळव की. माझं काय जातंय."

झालं. रोज सकाळी स्कूटरला कपड्यांची पिशवी, संध्याकाळी कोरडे, गरमगरम कपडे घरी. पहिल्या दिवशी सुनंदाने लंगोट गालाला लावून बघितला. इतक्या कौतुकाने तिने माझ्याकडे लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मग मला चेव आला. माझे बनियन, दुपटी, शेवटी आईचं नऊवारी लुगडंही नेलं. ते शेडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलं की कुणाच्या तरी लग्नाचा मांडव वाटायचा.

आणि नेमक्या त्याच दिवशी साहेब आला.

हा साहेब म्हणजे युरोपातल्या गिऱ्हाईकाचा माणूस. आमची कोळंबी घ्यायची की नाही हे ठरवायला आलेला. तो यायचा होता दुसऱ्या दिवशी. आमचे मालक इब्राहिमशेठ त्याच्या ऑर्डरवर डोळे लावून बसले होते. ती मिळाली नसती तर कामावरच्या निम्म्या बायकांना घरी बसवायची वेळ होती. शेठना इंग्रजी येत नव्हतं. मला जुजबी यायचं, म्हणून दुभाषी मी.

हॉल, बर्फघर, पॅकिंग, सगळं बघायचं ठरलं होतं. पण साहेब गेटातून आत आला आणि म्हणाला, आधी बॉयलर दाखवा.

"शेठ, तो म्हणतो चहा घेऊ," मी मराठीत सांगितलं. पण साहेब छत्री उघडून चालायला लागला होता. शेठ म्हणाले, "हा चहाला तिकडे कुठे चालला रे?"

दार उघडलं. आत आमचं सगळं घर लटकत होतं.

साहेब थांबला. शेठ थांबले. मी तर श्वास घ्यायचाच थांबलो. शेठनी लुगड्याकडे बघितलं, बनियनकडे बघितलं, मग हळूच मान वळवून माझ्याकडे.

"हे काय आहे?" साहेबाने इंग्रजीत विचारलं.

खरं सांगायचं होतं. देवाशपथ. पण तोंडातून निघालं, "कामगारांचे कपडे वाळवायची सोय."

साहेबाचा चेहरा एकदम खुलला. म्हणाला, मी इतके कारखाने बघितले, सगळीकडे बायका ओल्या कपड्यांत उभ्या असतात. तुमच्याच शेठना हे सुचलं. आणि त्याने शेठचा हात धरून जोरजोरात हलवला. शेठ हसत हसत मला मराठीत म्हणाले, "काय सांगितलंस त्याला?"

"नंतर सांगतो."

"हा एवढा लांब कपडा कसला?" साहेब लुगड्यापाशी गेला होता.

"पडदा," मी म्हणालो. "माश्या आत येऊ नयेत म्हणून."

त्याने पदर बोटांत धरून बघितला आणि छान आहे म्हणाला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्याने दोरीवरून एक लंगोट काढला. मलमलचा, त्रिकोणी, टोकांना नाड्या. तो उलटसुलट केला, नाड्या बघितल्या आणि स्वतःच म्हणाला, "मास्क?"

तुम्ही काय म्हणाला असतात? नाही म्हटलं तर काय आहे ते सांगावं लागणार. मी म्हणालो, "येस."

बरं, तो तिथेच थांबला असता तर. पण नाही. माणूस शिस्तीचा. आता हॉल बघायचा आहे ना, म्हणून त्याने तो लंगोट नाकावर ठेवला आणि मानेमागे व्यवस्थित गाठ मारली. डोळे मिटून एक खोल श्वास घेतला. धुतलेला होता हो, उकळत्या पाण्यात धुतलेला. पण तरी.

मग त्याने दोरीवरून दुसरा काढला आणि अदबीने शेठच्या हातात दिला.

शेठनी तो हातात धरला. मी पुटपुटलो, "शेठ, ते काय आहे ते मी तुम्हाला..."

"मला माहीत आहे काय आहे ते," शेठ हळू आवाजात म्हणाले. "घरात नातवंडं आहेत माझ्या. आता गप तिसरा घे आणि बांध."

आम्ही तिघेही तोंडाला लंगोट बांधून हॉलमध्ये शिरलो. कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. त्यातल्या निम्म्या लेकुरवाळ्या. त्यांना ओळखायला किती वेळ लागणार? पण शेठचे डोळे बघून एकीनेही तोंड उघडलं नाही. फक्त खाली घातलेल्या माना हलत होत्या. साहेबाला वाटलं, मन लावून काम करतायत.

ऑर्डर मिळाली. जाताना साहेबाने तो मास्क नमुना म्हणून मागून घेतला आणि घडी करून खिशात घातला.

संध्याकाळी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. मी मनात राजीनामाच लिहून गेलो होतो. साहेबाला काय काय सांगितलं ते सगळं कबूल केलं.

"खोटं का बोललास ते मला नको," शेठ म्हणाले. "पण तो पुन्हा येणार आहे. तेव्हा ते सगळं खरं असलं पाहिजे. उद्यापासून बायकांचे एप्रन बॉयलरवर वाळतील, आणि ते बघायचं तू. तुझ्या घरची चिंधीसुद्धा तिथे दिसता कामा नये. आणि मास्क त्याने नेला तसलेच हवेत. शिवून घे."

घरी आलो तर सुनंदा म्हणाली, "एक लंगोट कमी आहे. कुठे पाडलात?" मी सांगितलं, स्कूटरवरून उडाला असेल. युरोपला गेला असं सांगायला तोंड कुठे होतं?

आमचे कपडे पुन्हा पंख्याखाली आले आणि बिलं मी मुकाट्याने भरत राहिलो. कारखान्यात मात्र त्रिकोणी मास्क सुरू झाले. दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची, कामगारांच्या घरची माणसं यायची. सुनंदाही आली. कारखाना दाखवायला मी पुढे, नियमाप्रमाणे मास्क बांधून.

हॉलच्या काचेपाशी ती उभी राहिली. आत मास्क बांधून रांगेने उभ्या असलेल्या बायकांकडे तिने बघितलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी समजलो, आता हिला सगळं सांगावं लागणार. तिला बाजूला घेतलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. साहेब, शेठ, सगळं.

"काहीतरी बोल," मी म्हणालो.

ती जवळ आली आणि माझ्या मानेमागची गाठ सोडायला लागली.

"बोलायचं काय त्यात? उलटा बांधलाय तुम्ही."