चौदाव्या मिनिटाचा पट्टेवाला

माझे वडील खुनाच्या खटल्यात होते, असं मी शाळेत सांगायचे तेव्हा मैत्रिणींचा घास हातातच राहायचा. मग मी उरलेलं सांगायचे, की खटला टीव्हीवरचा होता आणि वडील कोर्टातले पट्टेवाले. मैत्रिणी पुन्हा जेवायला लागायच्या.

मालिका तेरा भागांची होती, टीव्हीला एकच चॅनेल असतानाच्या काळातली. एका कारखानदाराचा खून, आरोपीच्या पिंजऱ्यात त्याचा पुतण्या आणि दर आठवड्याला एक नवा साक्षीदार. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही इंटरनेटवर शोधून काढाल, खाली चार चांगले शब्द लिहाल आणि अण्णा संशय माझ्यावरच घेतील. एकदा पकडलेल्या आरोपीला ते सहजासहजी सोडत नाहीत.

अण्णा म्हणजे माझे वडील. पुण्याजवळच्या मांजरी गावात घरची शेती, हडपसरच्या एका कंपनीत नोकरी आणि हौस म्हणून जत्रेतल्या कुस्त्यांना माइकवर पुकारा करायचा. आवाज असा, की माइक बंद पडला तर ते फक्त माइकवाल्याला कळायचं. मालिकावाल्यांनी हडपसरच्या बाहेर एका रिकाम्या गोदामात कोर्ट उभं केलं होतं. पाचव्या भागाच्या दिवशी पट्टेवाल्याचं काम करणारा नट आलाच नाही. कुणीतरी म्हणालं, इथे जवळच एक आवाजाचा माणूस आहे. अण्णा कंपनीत निघाले होते, त्यांना वाटेतच गाठलं, अंगावर लाल पट्टा चढवला आणि कोर्टाच्या दारात उभं केलं. वाक्य एकच. "साक्षीदार क्रमांक चार, हाजिर हो."

ही हकिकत मी इतक्या वेळा ऐकली आहे की झोपेतही म्हणेन. शब्द ठरलेले असत. "सकाळपास्नं पोटात काय नव्हतं. दोन वाजता डबा आला, तेवढ्यात शॉट लागला. एका दमात वाक्य टाकलं. पयल्याच टेकला ओके." पुढे मालिका दोन-तीनदा पुन्हा लागली. पाचव्या भागाला आमच्या घरात शेजारपाजारही जमायचा. अण्णा दारात दिसायच्या बेताला आई मात्र हटकून उठायची आणि "दूध बघते" म्हणून आत जायची. मला तिचा राग यायचा. एकदा मी म्हणाले, आई, एकदा तरी बस ना पूर्ण. ती म्हणाली, "मी बघितलंय." मला वाटलं, तेच तेच ऐकून कंटाळली असेल. नवऱ्याच्या एका वाक्यावर बाईने किती वर्षं काढायची?

आई गेल्या वर्षी गेली. मी एकुलती एक, त्यामुळे अण्णा माझ्याकडे हडपसरला राहायला आले. सातव्या मजल्यावर पुकारा करायला कुणी नाही, गॅलरीतून ओरडलं तर सोसायटीचं पत्र येतं. माणूस गप्प झाला. मला ते बघवेना. तशात कुणीतरी त्या मालिकेचे तेराही भाग इंटरनेटवर टाकल्याचं मला दिसलं. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि मोठ्या कौतुकाने एक चूकही केली. खाली लोक आपापली मतं लिहितात, ती कशी उघडायची हे शिकवलं.

मतं शेकड्यांनी होती. अण्णांनी चष्मा पुसून सगळी वाचली, आणि पाचव्या भागाखालची तर रोज वाचू लागले. एका बाईंचं म्हणणं, खुनी कोण हे त्यांना तिसऱ्या भागातच कळलं होतं, पण नवऱ्याने बोलू दिलं नाही. एक निवृत्त वकील प्रत्येक भागाखाली कायद्याच्या चुका काढत आणि शेवटी "बाकी उत्तम" लिहीत. एकाला न्यायाधीशांची पापणी लवत नाही याचं कौतुक, एकाला सरकारी वकिलांच्या कोटाला बटणं कमी असल्याचं दुःख. आजकालच्या मालिकांना शिव्या घालणारे तर पावलोपावली होते. एका जागरूक प्रेक्षकाने कळवलं होतं, की कोर्टातलं भिंतीवरचं घड्याळ तेराही भागांत दहा वाजून दहा मिनिटंच दाखवतं. त्यावर बावीस जणांची चर्चा झाली होती.

पट्टेवाल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

अण्णांनी आठवडाभर वाट बघितली. सकाळी चहाच्या आधी फोन उघडायचे, वाचायचे, उलटा करून ठेवायचे. एका सकाळी म्हणाले, "घड्याळ दिसलं लोकास्नी. मी नाय दिसलो." एवढंच बोलून ते पेपर वाचायला लागले, पण पान काही उलटलं नाही. आई गेल्यावर त्यांना ओळखणारं, त्यांच्याकडे बघणारं माणूस कमी झालं होतं. एका तरी परक्या माणसाने आपल्याला बघितलेलं असावं, एवढंच त्यांना हवं होतं. मला रडू आलं आणि रडू आलं की मी उद्योग करते.

मी खराडीच्या ऑफिसात दुपारी डबा खाता खाता "एक रसिक" या नावाने लिहिलं, "पाचव्या भागातील पट्टेवाला विशेष लक्षात राहतो. सकाळपासून उपाशी असूनही कलाकाराने एका दमात फेकलेले वाक्य दाद देण्याजोगे." लिहून समाधान वाटलं. तिथेच थांबले असते तर हा लेख नसता. पण मी मांजरीच्या चुलतभावाला फोन केला आणि म्हटलं, तूही दोन ओळी टाक, अण्णांना बरं वाटेल.

आमच्या भावकीला दोन ओळी माहीत नाहीत. आमच्याकडे कुणाला मुलगा झाला, कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी बारावी सुटला, की चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर खाली शुभेच्छुकांची चाळीस नावं असतात. चुलतभावाने निरोप फिरवला आणि संध्याकाळपर्यंत एका खुनाच्या खटल्याखाली फ्लेक्स लागला. "मांजरीची शान, आमचे मार्गदर्शक, अण्णा यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ." दुसऱ्याने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, वाढदिवसाला पाच महिने होते. एका चुलत वहिनीने अण्णांना नातवाच्या जावळाचं आमंत्रण तिथेच देऊन टाकलं. एकाने "अण्णा, तुम्ही आगे बढो" लिहून खाली मांजरीत प्लॉट मिळतील अशी जाहिरात केली. निवृत्त वकिलांनी या सगळ्याखाली लिहिलं होतं, "हे काय चालले आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तर अण्णा जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले होते. समोर फोन. मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. माझा नवरा भिंतीला टेकून उभा राहिला, त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

उलटतपासणी मोठी झाली नाही. गावाकडच्या लोकांना हे कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी चुलतभावाचं नाव सांगितलं. त्याला कुणी सांगितलं, असं विचारलं. मी चहाकडे बघितलं. मग त्यांनी "एक रसिक" काढला आणि विचारलं, टीव्हीवर बघून पट्टेवाला उपाशी हाय हे या रसिकाला कसं कळलं? पुढे खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी गुन्हा कबूल केला.

मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, हे मत नाय. हा सत्कार हाय. घरच्यांनीच हार घालायचा आन घरच्यांनीच टाळ्या वाजवायच्या." सगळं काढून टाकायला सांगितलं. दोन दिवस फोन करून करून मी फ्लेक्स उतरवला. प्लॉटवाल्याने सर्वांत जास्त वेळ घेतला, त्याला म्हणे दोन चौकशा आल्या होत्या.

त्यानंतर अण्णांनी फोन उघडायचं सोडलं. माझ्या हातून त्यांची ती एक वाट बघण्याची गोष्टही गेली, हे मला लागलं. चांगलं करायला जावं आणि होतं तेही घालवून बसावं, यात माझा हात कुणी धरणार नाही.

पंधराएक दिवस गेले असतील. एका शनिवारी मी सहज पाचवा भाग उघडला, आणि सगळ्यांत वर एक नवीन मत दिसलं. लिहिणाऱ्याने नाव दिलं नव्हतं. "चौदाव्या मिनिटाला पट्टेवाला पुकारा करतो आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसतो. खुनाचा खटला आहे की बारसं? एवढी ढळढळीत चूक इतक्या वर्षांत कोणाच्याच नजरेस पडू नये, याचे आश्चर्य वाटते. दिग्दर्शक बहुधा चहाला गेले असावेत."

माझं डोकं सणकलं. कोण हा टिकोजीराव, याला काही उद्योग नाहीत का, असं म्हणत मी त्याला चार ओळी सुनवायला बसले. नवऱ्याने वाकून वाचलं. त्याचं लहानपण सदाशिव पेठेत गेलेलं, त्यामुळे त्याने लगेच ओळखलं. "हा आमच्याकडचा," तो म्हणाला. मी त्याच्याकडे संशयाने बघितलं. तो म्हणाला, "मी असतो तर एवढं लांब लिहिलं नसतं."

आमची कुजबुज ऐकून अण्णा मागे येऊन उभे राहिले होते. फोन लपवायला उशीर झाला. त्यांनी तो घेतला, चष्मा चढवला आणि ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी घाबरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तो चेहरा हळूहळू असा फुलत गेला, की तसा मी वर्षभरात बघितला नव्हता.

"ह्यो आपल्यातला नाय," ते म्हणाले.

नाही, मी शपथेवर सांगितलं.

"ह्यानं बघितलं मला."

मग मी चौदावं मिनिट लावलं. इतक्या वर्षांत मी त्या दृश्यात फक्त आवाज ऐकला होता, चेहरा कधी नीट बघितलाच नव्हता. तरुण अण्णा दारात उभे राहतात. साक्षीदार क्रमांक चार, हाजिर हो. आणि वाक्य संपता संपता नजर जरा उजवीकडे जाते आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. मोठं नाही, पण आहे. तिथल्या तिथे ते दाबून टाकलेलंही दिसतं. मी विचारलं, अण्णा, हे काय? तुम्ही तर म्हणायचात, पहिल्याच टेकला ओके.

ते खुर्चीत बसले. तासाभराने बोलले असते तरी मी थांबले असते, पण ते लगेच बोलले, फक्त नेहमीचे ठरलेले शब्द नव्हते. डबा आईने आणला होता. कुणीतरी तिला सांगितलं, तुझ्या नवऱ्याला शूटिंगला धरून नेलंय, तर ती भाकरी बांधून मांजरीहून चालत आली. तिला आत सोडलं आणि गप्प उभी राहा म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूला उभं केलं. "आन मी त्यो लाल पट्टा घालून वरडतोय," अण्णा म्हणाले. "ती पदर दातात धरून हसाय लागली. मला बी आवरना." दिग्दर्शक दुसऱ्यांदा घेऊ म्हणत होते, पण संध्याकाळच्या आत गोदाम रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून तेच ठेवलं. घरी आल्यावर आई म्हणाली, माझ्यापायी तुमचं काम बिघडलं. कुणाला कळायचं नाही, असं अण्णा म्हणाले. पण टीव्हीवर ते दिसायच्या वेळी तिला तिथे बसवायचं नाही.

दूध बघते. मला आईच्या आत जाणाऱ्या पाठीची आठवण आली आणि तिच्यावर केलेल्या सगळ्या रागाची लाज वाटली. ती कंटाळली नव्हती. तिने ते खरंच बघितलं होतं, सगळ्यांच्या आधी, समोरून.

अण्णांनी उत्तर स्वतः लिहायचं ठरवलं. मी मदत देऊ केली तर म्हणाले, तू लांब बस. एका बोटाने अर्धा तास लागला.

"आपले निरीक्षण बरोबर आहे. पट्टेवाला मीच. चूक कबूल. फक्त एक दुरुस्ती. मी कॅमेऱ्याकडे बघितले नाही. कॅमेऱ्याशेजारी आमची मंडळी डबा घेऊन उभी होती, तिच्याकडे बघितले."

दिवसभर फोन टेबलावर सुलटा होता. रविवारी सकाळी चहाच्या आधी त्यांनी तो उघडला, आणि मला बोलावून उत्तर दाखवलं. लिहिणाऱ्याने शब्द वाया घालवले नव्हते.

"पुन्हा पाहिले. हरकत मागे घेतो."

अण्णा ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग खुर्ची मागे सारून उठले, "दूध बघतो" म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. गॅसवर काहीच नव्हतं. मी त्यांच्यामागे गेले नाही.